पोर गप्प झाले आहे. त्याच्या ताटाकडे पाहिलेत का?

सोयाबीनच्या शेंड्याची पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की शेतकरी दुसऱ्या दिवशी तालुक्याला येतो. पान खुडून टोपीत नाही तर रुमालात गुंडाळून आणलेले असते. "साहेब, हे काय पडलंय बघा जरा." गेली पंचवीस-तीस वर्षे मी अशी पाने पाहत आलो आहे आणि या शेतकऱ्याचे मला कौतुकच वाटते. पिकाचा रंग बदललेला त्याला चार दिवसांत कळतो.

आता त्याच घरात डोकावू या. बावीस वर्षांचा मुलगा दोन महिने माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून आहे. मित्रांत जात नाही, क्रिकेट सुटले, रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. जेवायला हाक मारली तर "नको" म्हणतो आणि दुपारी दुकानातून पाकीट आणून खातो. या मुलाचे निदान मात्र ओट्यावर बसूनच होते. आजोबा म्हणतात आळशी झालाय, वडील म्हणतात मोबाइलने बिघडवलाय, चुलते म्हणतात लग्न करून टाका म्हणजे येईल ताळ्यावर. पान जसे तालुक्याला येते, तसा हा मुलगा कुठेच जात नाही.

वाचकहो, मी डॉक्टर नव्हे. शेतीचा पदवीधर आहे, माझा संबंध मातीशी, बियाण्याशी आणि त्यातून जे पिकते त्याच्याशी. पण गेल्या काही वर्षांत मनाच्या आजारांवर काम करणारे संशोधकही माझ्या विषयाकडे वळले आहेत. उदास माणूस काय खातो, आणि त्याचे खाणे बदलले तर त्याच्या मनाला उभारी येते का, हे ते मोजून पाहू लागले आहेत. त्यातले जे पक्के आहे तेवढे आज तुमच्यापुढे मांडतो. ज्यांच्या घरात सोळा ते तीस वयाची मुले-मुली आहेत त्यांनी हे मोठ्याने वाचावे, म्हणजे त्यांच्याही कानावर पडेल.

तुलनेचा वाफा

आपण नवे वाण किंवा खत तपासतो तेव्हा काय करतो? एका वाफ्यात ते घालतो, शेजारचा वाफा तसाच ठेवतो आणि काढणीला दोन्हींची मापे घेतो. ऑस्ट्रेलियात नेमके हेच माणसांवर केले गेले. तिथल्या डीकिन विद्यापीठातल्या फेलिस जॅका या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उदासीनतेच्या आजाराने बऱ्यापैकी ग्रासलेली ६७ माणसे घेतली. या सगळ्यांचे खाणे मुळात निकस होते. त्यातल्या ३३ जणांना आहारतज्ज्ञाने १२ आठवडे हाताशी धरून जेवण सुधारायला मदत केली. अख्खे धान्य, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, दाणे-बिया, अंडी, मासे, थोडे दूधदुभते; आणि गोड, तळलेले, मैद्याचे व पाकिटातले पदार्थ कमी. उरलेल्या ३४ जणांकडे तितक्याच वेळा माणूस जाई, गप्पा मारी, पत्ते खेळे, पण खाण्याविषयी अवाक्षर काढत नसे. २०१७ साली निकाल छापून आला. आहार सुधारलेल्यांपैकी शेकडा ३२ जण आजाराच्या रेषेच्या बाहेर आले होते. नुसत्या गप्पांच्या गटात हे प्रमाण शेकडा ८ होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते आणि ते कोणी बंद केले नाही. आहार त्याच्या जोडीला आला. शेणखत घातले म्हणून आपण पाणी तोडत नाही, तसेच हे.

तरुण मुलांवरचा प्रयोग २०१९ सालचा. तो सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात झाला. १७ ते ३५ वयाची, मन खचलेली आणि अरबट-चरबट खाणारी ७६ मुले-मुली. निम्म्यांना काय दिले? आहारतज्ज्ञाची तेरा मिनिटांची एक चित्रफीत, थोडे दाणे-बिया-तेल-मसाल्याचे सामान, भाजीपाल्यापुरते पैसे आणि मध्ये दोनदा फोन. त्यांना रोजच्या जेवणात हळद आणि दालचिनीही घालायला सांगितली होती, हे वाचून मला हसू आले. आपल्याकडे हळदीशिवाय फोडणीच होत नाही! तीनच आठवड्यांत या मुलांच्या उदासपणाचे माप उतरले आणि सर्वसाधारण पातळीवर आले. दुसऱ्या निम्म्यांचे जागच्या जागी राहिले. तीन महिन्यांनी ज्यांची विचारपूस झाली त्यांच्यात ही सुधारणा टिकलेली होती. पुढे २०२२ साली त्याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठाने १८ ते २५ वयाच्या ७२ तरुण पुरुषांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. त्याचाही कौल असाच आला.

आता चिकित्सक वाचक विचारील की यात खोट काय? खोट आहे. गोळीच्या प्रयोगात अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना साखरेची गोळी देता येते, खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण आपण भाकरी खातो आहोत की बिस्कीट, हे खाणाऱ्याला कळतेच. त्यामुळे मनाच्या समजुतीचा थोडा वाटा यात असणार. शिवाय ही संख्या लहान आहे. युरोपातल्या चार देशांत १,०२५ माणसांवर वर्षभर एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१९ साली आला. वजन जास्त असलेली, पण अजून आजारी न पडलेली ही माणसे. त्यांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्यांनी उदासीनता टळली नाही. त्याच प्रयोगात काहींना खाण्याच्या सवयींविषयी शिकवले, त्यानेही सरसकट टळली असे दिसले नाही. म्हणून कोणी तुम्हाला "ही पावडर दुधात घाला, पोराचं मन ताजंतवानं होईल" म्हणून बाराशे रुपयांचा डबा दाखवला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. चांगले जेवण म्हणजे मंत्र नव्हे. पण निकस जेवणावर राहणाऱ्या खचलेल्या मुलाला त्याचा आधार होतो, एवढे या प्रयोगांवरून धरून चालायला हरकत नाही.

हे नवे नाही: दख्खनच्या ज्वारीची गोष्ट

पोट आणि मन यांचा संबंध आपल्याच पठारावर फार पूर्वी दिसला होता. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. अंगाची उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलायची, हगवण लागायची, आणि माणूस आधी खिन्न, चिडचिडा, मग भ्रमिष्ट व्हायचा. कित्येकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली. लोकांना वाटे हा साथीचा रोग. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ साली मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर ११ धडधाकट कैद्यांना, त्यांच्या संमतीने, मक्यावर भर असलेल्या निकस आहारावर ठेवले. काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्रा झाला. जंतू कुठेच नव्हता, उणीव ताटात होती. ही उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची, हे १९३७ साली कळले.

पुढे हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० च्या सुमारास हाच रोग दख्खनच्या पठारावर सापडला, आणि तोही मका न खाणाऱ्या माणसांत. ती ज्वारीवर जगणारी गरीब माणसे होती. म्हणून ज्वारी वाईट का? मुळीच नाही! ज्वारीबरोबर डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही, तीन त्रिकाळ नुसती ज्वारी, अशी ज्यांची दशा होती त्यांना तो झाला. ज्या घरात भाकरीवर पिठले, आमटी, ताकाची वाटी आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्या घराला त्याने शिवले नाही. आजच्या घडीला पेलाग्रा क्वचितच दिसतो. मी तो सांगितला तो एवढ्यासाठी की, एका जीवनसत्त्वाच्या उणिवेने शहाणासुरता माणूस खिन्न होतो, ही गोष्ट आपल्या भाकरीच्या मुलखात नोंदलेली आहे.

दुसरा दाखला मिनेसोटाचा. १९४४-४५ साली, महायुद्ध चालू असताना, ३६ निरोगी तरुण स्वखुशीने एका प्रयोगात दाखल झाले. २४ आठवडे त्यांना बटाटे, पाव, सलगम अशा खाण्यावर अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. पण वजनापेक्षा स्वभाव बदलला. हसती-खेळती मुले घुमी झाली, एकमेकांवर खेकसू लागली, मुलींची आठवण राहिली नाही, मन कशात लागेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवत बसले. ते वेडे झाले नव्हते, त्यांचे पोट रिकामे होते.

डोक्याचे वजन अंगाच्या शेकडा दोन इतके, पण बसल्या जागी अंगातली शेकडा वीस शक्ती ते एकटे खाते. मेंदूत निरोप पोचवणारी द्रव्ये प्रथिनांतून तयार होतात आणि ती तयार व्हायला लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ अशा मदतनिसांची गरज लागते. नत्र-स्फुरद-पालाश टाकले आणि जस्त-लोह विसरले की पीक कसे खुरटते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पिकते घरी, जाते बाजारी

आता आपल्या ताटाकडे येऊ. माझे म्हणणे थोडे झोंबेल, पण सांगतो. गेल्या तीस वर्षांत उत्पन्न वाढले, घरे सिमेंटची झाली, पण शेतकऱ्याच्या ताटातले प्रकार कमी झाले. पूर्वी ज्वारी-बाजरीच्या रानात तूर, मूग, मटकी, चवळी, हुलगा, अंबाडी, तीळ यांचे पाटे असत. कडेला दोन ओळी कारळ्याच्या. घरचे कडधान्य घरात राही. आता सलग सोयाबीन, सलग कापूस, सलग ऊस. पैसा येतो, मग दुकानातून डाळ आणायची. महाग झाली की वरण पातळ होते. तांदुळजा, माठ, घोळ, पाथरी, कुरडू, चंदनबटवा या भाज्या पावसाळ्यात बांधावरून फुकट मिळत. तणनाशकाची फवारणी झाली की तणाबरोबर त्याही गेल्या. आता आठवड्याच्या बाजारातून बटाटा येतो, कारण तो टिकतो आणि पोरे कुरकुर करत नाहीत.

दुधाचे तर विचारू नका. दारात दोन म्हशी आणि घरातल्या पोरांच्या चहात दूध नावापुरते! संकलनाची गाडी यायची वेळ झाली की चरवीच्या तळाचेही ओतून होते. अंडी विकायची आणि त्या पैशातून पोराला बिस्किटाचा पुडा आणायचा, हा व्यवहार मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो कोणत्या हिशेबात बसतो, हे मला आजवर कळलेले नाही.

त्यात शाकाहारी घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा गावांत १९९३ साली एक अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर मातांच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. शेतकरी घरातल्याच या बाया. बी-१२ कमी झाले की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो, मन उदास होते. रक्ताच्या एका तपासणीत ते कळते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन किंवा गोळीने भरून काढता येते. ज्यांना अंडी चालतात त्यांनी ती विकण्याआधी घरातल्या तरुण पोरांपुरती बाजूला काढावी. ज्यांना चालत नाहीत त्यांनी दुधाचे माप घालण्याआधी घरच्या माणशी एक पेला बाजूला काढावा. डेअरीचे थोडे पैसे कमी येतील, येऊ द्या.

माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा तीन वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून परत आला. नाव-गाव सांगत नाही. तिथे तो सकाळी चहा आणि क्रीमरोल, दुपारी खाणावळीचा डबा अर्धा, आणि अर्धा रात्रीसाठी झाकून ठेवलेला, असे दिवस काढत होता. वडिलांकडून पैसे मागायची लाज वाटे म्हणून. रात्री दोनपर्यंत चहावर जागायचे. दोन गुणांनी यादी हुकली आणि तो घरी येऊन पडला. आईने आधी देवाचे केले, मग मावशीच्या सांगण्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी उदासीनतेचा आजार सांगितला, रक्तही तपासले. त्यात बी-१२ फार कमी होते. गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शने झाली. आणि आईने आपल्या डोक्याने एक गोष्ट केली. त्याचे ताट खोलीत न्यायचे बंद केले. "तू येईपर्यंत मी जेवत नाही," एवढेच ती म्हणे आणि चुलीपुढे बसून राही. पहिले आठ दिवस तो चिडला. मग येऊ लागला. अर्धी भाकरी, मटकीची उसळ, ताक. ती बोलायची नाही, विचारायची नाही, फक्त बरोबर जेवायची. सहा महिन्यांत मुलगा बराच सावरला. अजूनही महिन्याला जिल्ह्याला जातो, औषध चालू आहे, सध्या चुलत्याबरोबर रोपवाटिका पाहतो. यातले औषधाने किती झाले, भाकरीने किती आणि आईच्या बसण्याने किती, याची वाटणी कोणी करू नये.

शेवटी जेवणारी

मुलाची काळजी निदान बोलून तरी दाखवली जाते. सुनेची आणि लेकीची तीही नाही. नवी सून वीस-बावीस वर्षांची असते. घरातले पुरुष जेवले, मुले जेवली, सासूबाई जेवल्या, मग तळाशी राहिलेली आमटी आणि सकाळची भाकरी हिच्या वाट्याला. वर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मग ती दुपारी डोळ्यांतून पाणी काढते, चिडते, तिला दम लागतो, कामात लक्ष राहत नाही. सासर म्हणते, माहेरची आठवण येते असेल. नाहीतर म्हणते, कामचुकार आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शेकडा ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या दर दुसऱ्या बाईचे! रक्त कमी असले की थकवा, चिडचिड, उदासपणा येतो, आणि हे सगळे स्वभावाच्या नावावर खपते. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट पाहतात. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली असू नये.

इथे पुन्हा पिवळ्या सोयाबीनची आठवण करून देतो. चुनखडीच्या रानात लोह नसते असे नाही. असते, पण चुन्यामुळे ते मुळांना लागू होत नाही. माणसाचेही तसेच आहे. बाजरीत, हिरव्या पालेभाजीत, कडधान्यात लोह असते, पण जेवणाबरोबर नाही तर जेवणावर लगेच चहा घेतला की चहातला तुरटपणा ते अडवून धरतो. आणि लिंबू पिळले, आवळा-पेरू खाल्ला, की तेच लोह अंगी लागते. म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा. आरोग्य सेविका लोहाच्या गोळ्या देते त्याही चहाबरोबर घेऊ नका. मोड आणलेल्या मटकीतले लोह कोरड्या मटकीपेक्षा चांगले लागू पडते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले कोण जाणे.

बाजरीचा विषय निघाला म्हणून एक आनंदाची गोष्ट. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅटने मिळून जास्त लोहाचे धनशक्ती हे बाजरीचे वाण काढले. २०१४ साली ते देशभरासाठी प्रसारित झाले. जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव महाराष्ट्रातल्याच ग्रामीण शाळांतल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना सहा महिने खाऊ घालून पाहिली. साध्या बाजरीवरच्या मुलांपेक्षा त्यांचे लक्ष आणि स्मरण चांगले सुधारले. हा प्रयोग उदासीनतेचा नव्हता, ते मी कबूल करतो. पण भाकरीतले लोह डोक्यापर्यंत पोचते, एवढे त्यातून दिसते.

उपवासाबद्दल मी बोलणार नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. फक्त साबुदाण्याविषयी बोलतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने नाहीत, लोह नाही. त्यात जे काही बळ असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. राजगिरा, भगर, शेंगदाणे, दूध, दही, रताळे, केळी यांवरही उपवास उत्तम होतो आणि देव रागावत नाही. आणि सासूबाईंना एक विनंती: सुनेला आपल्या पंगतीला घ्या. भाकरी गरम हवी असेल तर चार करून एकदम बसा.

शिकायला गेलेल्यांसाठी

खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना स्वयंपाक जमत नाही, वेळ नसतो, पैसे मोजके असतात. त्यांना पौष्टिक आहारावर व्याख्यान देऊ नका. पिशवी भरून द्या. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, नाचणीचे सत्त्व, थालीपिठाची भाजणी, जवसाची, कारळ्याची आणि तिळाची चटणी, दशम्या. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग माशांतल्या तेलाच्या जातीच्या स्निग्धाचा असतो, त्यामुळे मासे न खाणाऱ्यांनी ही चटणी सोडू नये. मुलाला एवढेच सांगा की सकाळचा चहा रिकाम्या पोटी नको, आधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळे. डबा अर्धा करून ठेवू नकोस, पैसे लागले तर सांग. हे शेवटचे वाक्य वडिलांनी स्वतः म्हणावे.

थंड पेयाच्या बाटल्या, जागरणासाठी प्यायची ती तरतरीची पेये आणि सहा-सात कप चहा यांनी झोप मोडते. झोप मोडली की मन मोडते. दारूचेही तसेच. पहिल्या तासाला बरे वाटते, दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा खाली नेते.

भाकरीच्या पलीकडचे

आता सगळ्यांत महत्त्वाचे. दोन आठवडे किंवा जास्त काळ मूल सतत उदास आहे, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, "माझा काही उपयोग नाही" असे म्हणते आहे, तर ताट सुधारत बसून वाट पाहू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर भेटतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने त्या तोडायच्या नसतात. घरून फोन करायचा असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, रात्री-बेरात्री चालते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. मुलाने करावा, नाहीतर आई-वडिलांनी करून सल्ला घ्यावा.

"जगण्यात अर्थ नाही" असे तो बोलला, तर ऐकले न ऐकलेसे करू नका. "तुझ्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचं येतं का?" असे सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट मनातले ओझे बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि फवारणीचे डबे. आपण त्या विषाला "औषध" म्हणतो, इथूनच घोटाळा सुरू होतो. ते खाटेखाली, दारामागे, माळ्यावर उघडे पडलेले असते. कीटकनाशक आणि तणनाशक यांना कुलपाची पेटी करा, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा, लागेल तेवढेच आणा आणि उरलेले साठवू नका. खचलेल्या माणसाची ती घडी बहुधा थोड्या वेळाची असते. त्या वेळात डबा हाताशी नसला, तर माणूस वाचतो. हे काम आज संध्याकाळीच करा, पुढचा अंक येईपर्यंत थांबू नका.

दोन ओळी घरासाठी

राहिली पेरणीची गोष्ट. कोणी सोयाबीन मोडून नाचणी पेरा असे मी म्हणत नाही, पैसा लागतोच. पण एकरामागे दोन-चार ओळी घराच्या नावाने काढता येतात. खरिपात तुरीच्या ओळी आहेतच, त्यांच्या जोडीला चवळी, मूग आणि कडेला अंबाडी टाका. विहिरीच्या पाटाला आळू आणि शेवगा, न्हाणीच्या सांडपाण्यावर पपई आणि केळी लावा. शेवग्याचा पाला विसरू नका, शेंगांइतकाच तो कामाचा. बांधाचा एक तुकडा फवारणीतून वगळा आणि तिथे तांदुळजा-घोळ येऊ द्या. रब्बीत हरभऱ्याच्या शेंड्यांची भाजी खुडून घ्या. त्याने हरभऱ्याला फांद्याही जास्त फुटतात.

जवसाचे बी घरात नसेल तर आत्ताच शेजारपाजारी विचारून ठेवा. कोरडवाहू रानात त्याची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओल असताना उरकावी लागते. पाणी देता येत असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा चालतो. हरभऱ्याच्या कडेने चार ओळी टाकल्या, तरी वर्षभराची चटणी घरची होते.